फळ हातात असताना पानं कशाला तपासायची?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. जुन्या सफरचंदांच्या झाडांची नावं शोधते म्हटलं, की हा प्रश्न ठरलेला: फळ समोर आहे, चव घेता येते, मग पानं डीएनए तपासणीला कशाला पाठवता?

फळ मी आधी बघतेच. देठाजवळचा खळगा किती खोल, त्यातला तांबूस खरखरीतपणा कुठवर पसरलाय, आडवं कापल्यावर बियांचे कप्पे उघडे दिसतात की मिटलेले. पण एकाच झाडावर उन्हाकडचं फळ लालबुंद असतं आणि आतल्या फांदीवरचं हिरवट. म्हातारी झाडं तर कित्येकदा एखादं वर्ष धरतच नाहीत. पानं मात्र दरसाल येतात.

शिवाय सफरचंदाची बी पेरली तर तोच वाण उगवत नाही, प्रत्येक बी वेगळीच निघते. म्हणून वाण टिकतो तो कलमावर. इंग्लंडमधल्या साउथवेलला १८०९ मध्ये मेरी ॲन ब्रेल्सफर्ड या मुलीनं एक बी लावली. आज ब्रॅमली या सफरचंदाच्या वाणाचं कुठलंही झाड घ्या, ते त्या एकाच रोपाचा अंश आहे. त्यामुळे डीएनएवरच्या ठरावीक खुणा खात्रीच्या नमुन्याशी ताडल्या की नाव कळतं. असे नमुने केंटमधल्या ब्रॉगडेलसारख्या संग्रहांत राखलेले आहेत. कागदावर लिहिलेलं नेहमीच खरं नसतं हेही या तपासणीनं दाखवलं. हनीक्रिस्प या वाणाच्या पेटंटमध्ये आईबाप म्हणून मॅकून आणि हनीगोल्ड हे वाण नोंदवले होते. डीएनएत दोघंही बसले नाहीत, एक पालक कीपसेक निघाला.

मर्यादाही आहेत. एखाद्या फांदीत आपोआप बदल होऊन गडद रंगाची फळं लागतात आणि त्यातून नवा वाण होतो. नेहमीच्या तपासणीत तो मूळ वाणापासून वेगळा काढता येत नाही. तिथे पुन्हा फळच बघावं लागतं.

माझा पहिला नमुना मात्र वाया गेला. पोकळ खोडाचं एक झाड होतं, बुंध्याशी कोवळे, लुसलुशीत फुटवे आलेले. हाताला आली तीच पानं खुडली. निकाल आला तो खुंटाचा, म्हणजे ज्या मुळासकटच्या रोपावर कलम बांधतात त्याचा! फुटवे कलमाच्या जोडाखालून आले होते. तो जोड, सालीवरची ती जाडसर गाठ, गवतात होती आणि मी वाकून बघितलीच नव्हती. त्याचं मला फार वाईट वाटलं, कारण झाड कधीही कोसळेल असं होतं.

पुढच्या वसंतात शिडी लावून वरच्या फांदीची पानं घेतली. या वेळी उत्तर आलं: संग्रहातल्या कशाशीच जुळत नाही. बिनओळखीचं म्हणून ते झाड जाऊ द्यायचं माझ्यानं होईना. झाड झोपलेलं असताना, ऐन थंडीत, पेन्सिलीएवढ्या जाड सहा काड्या कापल्या आणि नव्या खुंटांवर बांधल्या. दोन जगल्यात. त्यांच्या पाट्यांवर सध्या फक्त नमुन्याचा क्रमांक आहे.