तुमचं बी दोनदा उगवतं का?

"मॅडम, तुमचं बी दोनदा उगवतं का हो?" फोन उचलल्या उचलल्या हा प्रश्न. पलीकडे आमची भाषांतरं तपासणारे शेतीतज्ज्ञ, आणि फाइल दुसऱ्या दिवशी सकाळी द्यायची.

उघडून बघितलं तर खरंच की. चौथ्या दिवशी बी उगवलंय आणि आठव्या दिवशी तेच बी परत उगवलंय. इंग्रजीत एकीकडे जर्मिनेट होतं, दुसरीकडे इमर्ज, आणि मी दोन्हीकडे बिनधास्त उगवणे ठोकलं होतं.

आता आमचं काम म्हणजे काय, तर भाषांतर मशीन करतं आणि आम्ही त्याच्या मागून झाडू मारतो. लेट्यूस बोल्ट झालं तर मशीनच्या मते ते पळून गेलं, बूटिंग स्टेजला पिकाने बूट घातले, हेडिंगला पिकाने डोकं वर काढलं. असल्या चुका पटकन सापडतात कारण हसू येतं. उगवणे वाचून कुणाला हसू येतंय? आणि ते तर मशीनचं नव्हतंच, माझंच होतं.

मग रात्री पिकाच्या अवस्थांचा पूर्ण तक्ता नव्याने केला. पिकाच्या अवस्था मोजायला बीबीसीएच नावाची पट्टी असते, 00 ते 99. त्यात 05 म्हणजे बीतून मूळ बाहेर आलं, 09 म्हणजे कोंब मातीच्या वर आला. म्हणजे रुजणं आणि उगवणं, इतकं सरळ! पुढे 20 च्या घरात टिलरिंग, म्हणजे बुंध्यातून नवे कोंब फुटणं, त्याला फुटवे, 40 ला बूटिंग, म्हणजे कणीस अजून पानाच्या आवरणातच, ती पोटरी, 50 ला हेडिंग, कणीस बाहेर पडणं, ते निसवणं. बोल्टिंगला, म्हणजे वेळेआधी फुलाचा दांडा वर येण्याला, तर कांदावाल्यांचा तयार शब्द आहे, डेंगळे येणं. इंग्रजीत बोल्ट, बूट, हेड हे सगळे दुसरीकडून उसने आणलेले शब्द, आपल्याकडे निसवणे हा शब्द दुसऱ्या कशाला सहसा वापरतच नाहीत. मी जाम खूश होते.

ग्रो आणि डेव्हलप मात्र छळतात. ग्रो म्हणजे आकार वाढणं, डेव्हलप म्हणजे पुढच्या अवस्थेत जाणं. पाण्याचा ताण पडलेलं रोप कधीकधी वीतभर असतानाच फुलावर येतं, वाढ खुंटलेली पण गाडी पुढे गेलेली. डेव्हलप मूळ फ्रेंचमधून आलाय, गुंडाळलेलं उलगडणं असा अर्थ, आणि आपलं विकसणं म्हणजे कळी उमलणं, किती छान जुळतंय. पण क्लायंटच्या शब्दसूचीत डेव्हलपला एकच शब्द, विकसित होणे, त्यामुळे मुळं विकसित, पानं विकसित, रोगसुद्धा विकसित! मी मुळं फुटतात, रोग बळावतो असं केलं.

सकाळी तज्ज्ञांना दाखवलं. रुजणे बघून म्हणाले, वा. मग म्हणाले, जर्मिनेशन टक्केवारीला मात्र उगवणशक्तीच ठेवा, सगळीकडे तेच छापतात. म्हटलं सर, बी रुजणार आणि आपण मोजणार उगवण? ते म्हणाले, वनस्पतीशास्त्रात मूळ बाहेर आलं की जर्मिनेशन झालं, पण बियाणं तपासणाऱ्या लॅबमध्ये नुसतं मूळ दिसून भागत नाही, धड रोप होईल असं दिसलं तरच ते बी मोजतात. म्हणजे तिथे उगवणशक्तीच जास्त बरोबर. म्हणजे एकाच फाइलमध्ये जर्मिनेट कुठे रुजणे आणि कुठे उगवणे! मग माझं आधीचं नक्की किती चुकलं होतं? दोनदा उगवलं ते चूकच, पण मी ते विचार करून लिहिलं नव्हतं हे जास्त लागतंय.

फाइल वेळेत गेली. परवा छापील प्रत आली. रुजणे आहे, फुटवे आहेत, निसवणे आहे. डेंगळ्यांच्या जागी कुणीतरी बोल्टिंग होणे केलंय, आणि रोग परत विकसित झालाय.