समुद्री शेवाळ, कर्करोग आणि आयोडीनचा हिशेब

समुद्री शेवाळ खाल्ल्याने कर्करोग टळतो, असं छातीठोकपणे सांगणाऱ्या लेखांचा आधार बहुतेक वेळा प्रयोगशाळेतला असतो. तपकिरी शेवाळातली फ्युकॉयडन (एक प्रकारची साखरसाखळी) किंवा फ्युकोझँथिन (रंगद्रव्य) ही द्रव्यं कर्करोगाच्या पेशींवर थेट टाकली की त्यांची वाढ मंदावते, काही मरतातही. यात खोटं काही नाही. पण फ्युकॉयडनचा रेणू अवाढव्य असतो. खाल्लेल्यातलं फारच थोडं रक्तापर्यंत पोचतं, त्यामुळे प्रयोगातली मात्रा ताटातून मिळत नाही.

माणसांवरचा पुरावा त्याहून तोकडा आहे. कोरियातल्या २०१०च्या एका अभ्यासात गिम, म्हणजे नोरी (सुशीला गुंडाळतात ते कागदासारखं शेवाळ), जास्त खाणाऱ्या स्त्रियांत स्तनाच्या कर्करोगाचं प्रमाण कमी दिसलं. मियोक, म्हणजे वाकामे (सूपात घालतात ते मऊ, पानांसारखं शेवाळ), खाण्याने मात्र फरक दिसला नाही. त्यातही आजाराचं निदान झाल्यावर आधीचं खाणं आठवून सांगायचं, म्हणजे चुकायला भरपूर वाव. उलट जपानमधल्या २०१२च्या एका मोठ्या अभ्यासात जवळपास रोज शेवाळ खाणाऱ्या, पाळी थांबलेल्या स्त्रियांत थायरॉइडच्या कर्करोगाचा पॅपिलरी हा प्रकार जास्त आढळला. माझ्या मते शेवाळ भाजीसारखं खावं. त्यावर औषधाचा भार टाकू नये.

खरा प्रश्न आयोडीनचा. प्रौढाला दिवसाला १५० मायक्रोग्रॅम पुरतं. युरोपात वरची मर्यादा ६००, अमेरिकेत ११०० मायक्रोग्रॅम. वाळलेल्या नोरीच्या एका ग्रॅममध्ये साधारण १६ ते ४० मायक्रोग्रॅम आयोडीन असतं आणि एक पान जेमतेम तीन ग्रॅमचं. म्हणजे दिवसाला एखाद-दोन पानं बिनधास्त चालतात. कोंबू, म्हणजे जाड पट्ट्यांच्या तपकिरी शेवाळाच्या, मात्र एकाच ग्रॅममध्ये दोन हजार मायक्रोग्रॅमही असू शकतं.

कोंबूचा सूपसाठी अर्क काढायची नेहमीची रीत अशी: दहा ग्रॅमची पट्टी ओल्या फडक्याने नुसती पुसायची (वरची पांढरी भुकटी बुरशी नव्हे, चव तिच्यातच आहे), एक लिटर पाण्यात अर्धा तास भिजवायची, मंद आचेवर ६० अंशांपर्यंत तापवायची आणि उकळी फुटायच्या आत काढायची. उकळलं तर पाणी बुळबुळीत आणि कडवट होतं. चवीला ही रीत उत्तमच, पण आयोडीन पाण्यात उतरतं, म्हणजे तो अर्क पिणाऱ्याच्या पोटात जातं. एका वाटीतच दिवसाची मर्यादा कितीतरी पटींनी ओलांडली जाऊ शकते. आयोडीन कमी करायचं तर पट्टी पंधरा मिनिटं खळखळून उकळायची आणि पाणी ओतून द्यायचं. मग चवही त्याच पाण्याबरोबर जाते, त्याला इलाज नाही. रोज खायला कोंबू नकोच.

वाकामेत आयोडीन नोरी आणि कोंबू यांच्या मधलं. माणशी दोन ग्रॅम सुकं पुरे. भिजल्यावर ते दसपट फुगतं, हे विसरून मूठभर टाकलं की भांडं भरतं. गार पाण्यात पाच मिनिटं बास, जास्त वेळ ठेवलं तर लिबलिबीत होतं. मिठात मुरवलेलं असेल तर आधी दोन-तीन पाण्यांनी धुवावं.

हिजिकी हे काळं, काड्यांसारखं शेवाळ घेऊच नये. त्यात अकार्बनी आर्सेनिक भरपूर असतं, आणि ते स्वतःच कर्करोगकारक आहे. ब्रिटनच्या अन्न मानक संस्थेने २००४मध्येच ते न खाण्याचा सल्ला दिला. भिजवून पाणी टाकलं तरी सगळं आर्सेनिक निघत नाही.

थायरॉइडचा त्रास असेल किंवा गरोदरपण असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय शेवाळ सुरू करू नका. वॉरफरीन हे रक्त पातळ ठेवणारं औषध घेणाऱ्यांनीही तेच करावं, कारण शेवाळातलं के जीवनसत्त्व त्या औषधाच्या आड येतं. किरणोत्सारी आयोडीनचे उपचार ठरले असतील तर त्याआधी आठवडा-दोन आठवडे शेवाळ पूर्ण बंद. नाहीतर थायरॉइडच्या पेशी आधीच आयोडीनने भरलेल्या राहतात आणि औषध शोषलं जात नाही. केमो चालू असताना फ्युकॉयडनच्या कॅप्सूल कुणी सुचवल्या, तर बाटली उघडण्याआधी ती कर्करोगतज्ज्ञांना दाखवा.