आमची वाटचाल : एका एक्सलचे दोन कोन

आज आम्ही गाडीचं पुढचं सस्पेन्शन काढून सॉलिड एक्सल घालतो, म्हणजे दोन्ही चाकं एकाच लोखंडी नळीने जोडतो, पण आमचं वर्कशॉप सुरू झालं तेव्हा तो विषयच नव्हता. मी आणि दादा दोघंच, एक रॅम्प, एक वेल्डिंग मशीन, आणि येणाऱ्या गाड्या म्हणजे सगळे फोर बाय फोर पिकअप, दगडधोंड्यातून मारून आणलेले. काम कायम तेच. सीव्ही जॉइंटचे, म्हणजे चाक वळलेलं असतानाही त्याला फिरवणाऱ्या सांध्याचे, रबरी बूट फाटलेले, आत माती जाऊन जॉइंट वाजतोय, टाय रॉड वाकलेला, बॉल जॉइंट ढिले. एक गिऱ्हाईक तर एकाच सीझनमध्ये तिसऱ्यांदा तोच जॉइंट बदलायला आलं, तेव्हा दादा म्हणाला की अरे आपण याचा पार्ट बदलतोय पण याचा त्रास काही बदलत नाहीये.

कारण शोधायला गेलो तर कारण साधं होतं. या गाड्यांना पुढे इंडिपेंडंट सस्पेन्शन, म्हणजे दोन्ही चाकं वेगवेगळी वरखाली होणारी, आणि खाली स्प्रिंगच्या जागी टॉर्शन बार, म्हणजे पीळ घेणारी सळई. मोठे टायर बसावेत म्हणून लोक टॉर्शन बारचा बोल्ट आवळून गाडीचं नाक वर उचलतात. त्याने सस्पेन्शन लांब होत नाही, ते फक्त खालच्या टोकाला जाऊन बसतं, म्हणजे चाक खाली लोंबायला जागाच उरत नाही आणि सीव्ही जॉइंट कायम तिरपा फिरत राहतो. त्यात स्टेअरिंग पूर्ण फिरवून दगडावर चढताना ॲक्सिलरेटर दाबला की कटकन आवाज येतो आणि गाडी जागेवर. शिवाय पुढची दोन्ही चाकं दबली की डिफरन्शियल, म्हणजे दोन चाकांना ताकद वाटणारा गिअरचा गोळा, चेसिसबरोबर जमिनीकडे येतं. सॉलिड एक्सलमध्ये तसं होत नाही, गोळा दोन चाकांमधल्या नळीतच बसलेला, त्याची उंची टायर ठरवतो, आणि एक चाक वर गेलं की दुसरं आपोआप खाली दाबलं जातं. दगडात हेच लागतं, टायरला जमीन सापडली पाहिजे.

हे काही आमचं डोकं नाही, लोक हे आधीपासून करत आलेत. टोयोटाच्या अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या फोर बाय फोर पिकअपला १९७९ ते १९८५ च्या मॉडेलपर्यंत पुढे सॉलिड एक्सल आणि पाटे, म्हणजे पट्ट्यांच्या स्प्रिंगा, होते, १९८६ पासून इंडिपेंडंट आलं. रस्त्यावर ते छान, आरामशीर, पण दगडात चालवणाऱ्यांनी जुन्या गाडीचा एक्सल काढून नव्या गाडीखाली घालायला सुरुवात केली. शेवरलेच्या फुल साइझ पिकअपमध्येही १९८८ पासून तोच बदल झाला. उलट लँड क्रूझर ७० सिरीज, जिम्नी, रँगलर यांनी पुढचा सॉलिड एक्सल सोडलाच नाही. म्हणजे कल्पना चालते हे माहीत होतं, आम्हाला ती जमेल का एवढाच प्रश्न होता.

पहिली गाडी आमची स्वतःची केली. गिऱ्हाइकाच्या गाडीवर शिकायचं नाही हे दादाने पहिल्याच दिवशी सांगितलं होतं आणि तो निर्णय आजही मला सगळ्यात बरोबर वाटतो. जुन्या पिकअपचा एक्सल मिळवला, पूर्ण खोलला, नकलमधले, म्हणजे चाक जिथे वळतं त्या टोकाच्या भागातले, बेअरिंग, सील, बर्फील्ड जॉइंट (या एक्सलमधला सीव्ही जॉइंट) सगळं नवीन घातलं. मग गाडीचं पुढचं सगळं कापायचं. यात तीन दिवस गेले, कापायला कमी आणि घासायला जास्त. कंट्रोल आर्मचे ब्रॅकेट, क्रॉसमेंबर, टॉर्शन बारचे आधार, सगळं काढून चेसिस पार नागडी करून चकचकीत घासायची, कारण रंग, गंज नाहीतर जुन्या वेल्डचा तुकडा राहिला की नवीन वेल्ड तिथे धरत नाही. बॅटरीच्या वायरी आधी सोडवायच्या, ब्रेकच्या आणि डिझेल-पेट्रोलच्या पाइपलाइन बाजूला घ्यायच्या, हे सांगायला नको पण सांगतो, कारण घाईत हेच राहतं.

एक्सल निवडताना डिफचा गोळा कुठल्या बाजूला आहे हे बघावंच लागतं. ट्रान्सफर केसचा, म्हणजे पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटणाऱ्या गिअरबॉक्सचा, पुढचा शाफ्ट उजवीकडून निघत असेल तर गोळाही उजवीकडेच हवा, नाहीतर शाफ्ट इंजिनखालून तिरका जाणार. आणि गोळ्यातल्या गिअरचा रेशो पुढचा मागचा एकच पाहिजे. मोठ्या गिअरला, म्हणजे क्राउनला, ४१ दात आणि लहान गिअरला, म्हणजे पिनियनला, १० असतील तर ४.१०, ३९ आणि ८ असतील तर ४.८८. पुढे एक आणि मागे दुसरा घालून फोर व्हील टाकली तर दोन्ही शाफ्ट एकमेकांशी भांडतात आणि कुठेतरी काहीतरी तुटतं. टायर मोठा केला की रेशोही बदलायला लागतो हे लोक विसरतात. ३१ इंचाचे टायर काढून ३५ घातले तर ४.१० चा रेशो गाडीला ३.६३ सारखा लागतो, इंजिन दम सोडतं. हिशेबाने ४.६३ पाहिजे, आम्ही ४.८८ घातला. आणि हो, चार इंच मोठा टायर घातला तरी गोळा दोनच इंच वर जातो, कारण उंची त्रिज्येने वाढते.

तर पाटे बसले, यू बोल्ट आवळले, शाफ्ट जोडला, गाडी जमिनीवर आली. दिसायला इतकी देखणी की आम्ही दोघं नुसते बघत उभे राहिलो. आणि मग मी ती रस्त्यावर काढली.

पन्नासच्या पुढे गाडी सरळ जायलाच तयार नाही. डावीकडे ओढते म्हणून सावरावं तर उजवीकडे जाते, वळणावरून स्टेअरिंग सोडलं तर परत येत नाही, हातानेच आणावं लागतं. परत येईपर्यंत माझा शर्ट घामाने भिजला होता. टायरची हवा बघितली, टो-इन, म्हणजे चाकं पुढून किती आत वळलीत ते, बघितलं, तीन मिलिमीटर, बरोबर. मग कोन मोजायचं यंत्र लावलं तर कॅस्टर जवळजवळ शून्य.

इथे थोडं थांबून सांगतो कारण आमचा अख्खा धंदा या एका गोष्टीवर उभा आहे. सॉलिड एक्सल म्हणजे एकच लोखंडी नळी, आणि तिच्यावर दोन कोन ठरतात. एक पिनियनचा, म्हणजे शाफ्ट जिथे जोडला जातो ते नाक वर बघतंय की समोर. दुसरा कॅस्टर, म्हणजे चाक ज्या पिनवर वळतं ती पिन मागे किती झुकली आहे. सामानाच्या ट्रॉलीचं फिरतं चाक ढकललं की आपोआप रांगेत येतं ना, तसंच कॅस्टरमुळे गाडीचं चाक स्वतःहून सरळ होतं. गाडी उंच केली की ट्रान्सफर केस वर जाते, शाफ्टचा कोन तीव्र होतो, म्हणून माणूस एक्सल फिरवून पिनियनचं नाक वर करतो. आमच्या शाफ्टला वरच्या टोकाला डबल जॉइंट होता, त्याला पिनियन सरळ आपल्याकडे बघणारा लागतो, तर आम्ही अगदी मनापासून तसा केला. पण नळी एकच असल्यामुळे पिनियन जेवढा वर गेला तेवढाच कॅस्टर खाल्ला गेला. शाफ्ट खूश आणि स्टेअरिंग मेलं.

उपाय एकच, नळीच्या टोकाचा नकलचा भाग वेल्ड घासून मोकळा करायचा, फिरवायचा आणि परत वेल्ड करायचा. ७५ मिलिमीटरच्या नळीवर एक अंश म्हणजे परिघावर साधारण ०.६५ मिलिमीटर. सहा अंश फिरवायचे म्हणजे चार मिलिमीटरच्या आत बाहेर, तेही दोन्ही टोकांना अगदी सारखं, नाहीतर गाडी एका बाजूला ओढणार. आधी छिन्नीने रेघ मारून ठेवायची म्हणजे किती फिरलं ते कळतं. सगळं सील, शाफ्ट, ग्रीस बाहेर. आमच्याकडे तेव्हा एक वेल्डरकाका यायचे, त्यांनी आमचं ग्राइंडर हातातून काढून घेतलं आणि म्हणाले, "तुम्ही दोघं आधी पिनियनचा कोन पक्का करून एक्सल घोडीवर बांधा, मग मी हात लावतो." वेल्डसुद्धा त्यांनी एका दमात मारला नाही, इंचभर इकडे, इंचभर समोरच्या बाजूला, मध्ये थंड होऊ द्यायचं, कारण एका बाजूने उष्णता गेली की नळी वाकते. दोन दिवस लागले. कॅस्टर साडेपाच अंश आला, दोन्ही बाजूंना. तीच गाडी, तेच टायर, आणि रस्त्यावर हात हलके ठेवले तरी सरळ.

त्यानंतर गिऱ्हाइकांची कामं घ्यायला लागलो. पहिल्या दोन-तीन गाड्या पाट्यांच्याच. स्टेअरिंगला आम्ही सुरुवातीपासून क्रॉसओव्हर केलं, म्हणजे स्टेअरिंगचा गिअरबॉक्स एका बाजूला आणि ड्रॅग लिंक, म्हणजे त्याला चाकाशी जोडणारी सळई, गाडीच्या आडवी जाऊन समोरच्या बाजूच्या नकलला. लिंक लांब राहते, जास्त आडवी राहते, म्हणून खड्ड्यात चाक वरखाली झालं तरी स्टेअरिंग हातात हिसडा देत नाही. इंडिपेंडंटवाल्या टोयोटा पिकअपमध्ये आधीच्याच बॉक्सचा आर्म आडवा फिरतो, तो वापरता येतो. पण रॅक अँड पिनियन, म्हणजे बॉक्सऐवजी दातेरी पट्टीचं स्टेअरिंग, असलेली गाडी आली की वेगळा बॉक्स, पंप, होज, कॉलमची जोडणी, सगळंच वाढतं आणि गिऱ्हाइकाला ते आधी सांगावं लागतं.

याच बॉक्सने आम्हाला दुसरा धडा दिला. एक गाडी आठ महिन्यांनी परत आली, स्टेअरिंगमध्ये प्ले आहे म्हणून. बॉक्समध्ये काही नव्हतं, चेसिसला बोल्टच्या भोकापासून बोटभर तडा गेलेला. ३५ इंची टायर दगडात अडकवून फिरवला की सगळा जोर त्या चार बोल्टवर येतो, आणि चेसिस आतून पोकळ, आवळलं की पत्रा दबतो. आम्ही बाहेरून प्लेट लावली होती पण आत बोल्टभोवती नळीचे तुकडे वेल्ड केले नव्हते. चूक आमची होती. ती गाडी आम्ही आमच्या खर्चाने खोलली, आणि त्याच आठवड्यात आधीच्या सगळ्या गिऱ्हाइकांना फोन करून एकेक गाडी बोलावून घेतली आणि आत स्लीव्ह घातले. तेव्हा कामं कमी होती, पैसे त्याहून कमी, पण आजही जी माणसं दुसऱ्याला आमच्याकडे पाठवतात त्यातली बरीचशी त्या फोनवाल्या यादीतली आहेत. प्लेटची टोकंही आम्ही आता तिरकी कापतो, चेसिसला उभी सरळ वेल्डची रेघ कधीच मारत नाही, कारण तडा त्याच रेघेवरून चालतो.

मग कॉइल स्प्रिंगची कामं आली, लिंक आणि पॅनहार्ड रॉडवाली, हा रॉड एक्सलला आडवा सरकू देत नाही. चालवायला पाट्यांपेक्षा मऊ, पण चूक लपत नाही. पॅनहार्ड आणि ड्रॅग लिंक दोन्ही जवळजवळ सारख्या लांबीचे आणि एकमेकांना समांतर लागतात, नाहीतर एक्सल एका कमानीत फिरतो आणि लिंक दुसऱ्या, आणि स्टेअरिंग स्वतःच हलतं. एका गाडीला साठच्या आसपास खड्डा लागला की पुढची चाकं अशी थडथडायची की गाडी थांबवल्याशिवाय थांबत नसे. मालकाने आमच्याकडे येण्याआधी दोन स्टेअरिंग डँपर, म्हणजे स्टेअरिंगचे शॉकअप, बदलले होते. डँपरने ते दबतं, जात नाही. शेवटी सापडलं ते पॅनहार्डच्या चेसिसकडच्या ब्रॅकेटचं भोक, बोल्टने घासून लांबट झालेलं, मिलिमीटरभरच. नवीन ब्रॅकेट, जाड पत्रा, चेसिसला मागून आधार, विषय संपला.

सगळ्यांनाच हे काम करून देतो असं नाही. एक जण आला, गाडी नवीकोरी, सगळं चालवणं हायवेवर आणि मोकळ्या मातीत भरधाव. त्याला सरळ सांगितलं, साहेब तुम्हाला हे नको. सॉलिड एक्सलमध्ये स्प्रिंगखालचं वजन खूप वाढतं, वेगात खडबडीत रस्त्यावर इंडिपेंडंटच चांगलं, शिवाय तुमच्या गाडीचे एबीएसचे सेन्सर आणि स्टॅबिलिटी कंट्रोल सगळं नव्याने जुळवावं लागेल. आणि कुणी कितीही उत्साहात आलं तरी आधी विचारतो की तुमच्याकडच्या नियमात हा बदल बसतो का, तपासणी आणि इन्शुरन्सचं काय. ते लेखी आणल्याशिवाय आम्ही कटर चालू करत नाही.

आता आम्ही पाच जण आहोत. ब्रॅकेट कापायला जिग, म्हणजे मापाचे साचे, आहेत, पण मापं अजून ओळंब्यानेच घेतो. चेसिसवरून जमिनीवर खुणा उतरवायच्या, कर्ण मोजायचे, दोन्ही बाजूंचा व्हीलबेस मोजायचा. मग पाट्याचं मुख्य पान फक्त ठेवून एक्सल जॅकने पूर्ण वर, पूर्ण खाली, आणि दोन्ही वेळेला स्टेअरिंग दोन्ही टोकांना फिरवून बघायचं की ब्रेकचा होज ताणतोय का, शाफ्टचे आटे बाहेर निघतायत का, गोळा इंजिनच्या ऑइल पॅनला भिडतोय का, शॉकअप तळाला लागायच्या आधी बंप स्टॉप, म्हणजे रबरी ठोकळा, लागतोय का. याला अख्खा दिवस जातो आणि गिऱ्हाइकाला वाटतं आज काहीच काम झालं नाही. गाडी दिल्यावर पहिल्या काही शे किलोमीटरनंतर यू बोल्ट परत आवळायला बोलावतो, जो येत नाही त्याला मी स्वतः फोन करतो.

आत्ता हे टाइप करतोय तेव्हा रॅम्पवर एक पिकअप आहे, एक्सल घोड्यांवर, सगळं नुसतं टॅक, म्हणजे ठिपक्यापुरतं वेल्ड, केलेलं. आमचा नियम असा की ज्याने बसवलं त्याने मोजायचं नाही, दुसऱ्याने मोजायचं. आमच्याकडच्या पोराने बसवलंय, दादा यंत्र घेऊन खाली झोपलाय. पिनियन बरोबर आलाय, डावा नकल साडेपाच, उजवा पाच. अर्धा अंश. पोराने काही न बोलता ग्राइंडर उचललं आणि उजवीकडचे टॅक तोडायला घेतले. पूर्ण वेल्ड उद्या.