चिकाची रेघ

आमच्या घरात चित्र दाखवलं की 'कसं झालंय' हे कोणी सांगत नाही. 'कोणत्या बागेतलं आहे?' असं विचारतात.

लग्न होऊन जळगावातून यावल तालुक्यात आले, तेव्हा ट्रंकेत साड्यांखाली एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट अशी दोन प्रमाणपत्रं होती. दोन्हींत 'अ' श्रेणी. वस्तुचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र, भूमिती, अक्षरलेखन, सगळं रीतसर झालेलं. त्यामुळे केळीच्या मुलखात आलोय तर केळीचंच चित्र काढून सासरच्यांना थक्क करावं, असा बेत होता. काढलं. मोठा कागद, पोस्टर कलर, मध्यभागी पिवळाधमक घड. सासऱ्यांना आम्ही अण्णा म्हणतो. अण्णांनी चष्मा लावला, कागद लांब धरला, जवळ आणला आणि म्हणाले, "बाई, केळं उलटी कामून लटकवली?"

मी केळी पाहिली होती ती जळगावच्या हातगाडीवर. तिथे फणी पालथी ठेवतात, टोकं खाली. झाडावरही तशीच असणार, असं मी धरून चालले होते. अण्णा आणखी काही बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी पहाटे बागेत जाताना मलाही घेऊन गेले. एका खोडाशी उभे राहिले आणि नुसतं बोट केलं. घडाचा दांडा वाकून जमिनीकडे आलेला, त्याच्या टोकाला जांभळं केळफूल, आणि दांड्यावरचं एकेक केळ मात्र वळण घेऊन आभाळाकडे बघतंय. शिवाय सगळा घड हिरवा. पिवळा घड बागेत ठेवला तर वटवाघळं पोसायची, हे मला सासूबाईंनी नंतर हसत हसत सांगितलं. ते चित्र मी धान्याच्या कोठीवर झाकायला वापरलं.

दिवसभर पतसंस्थेत खतावण्या आणि संध्याकाळी स्वयंपाक, यातून उरेल तेवढा वेळ या छंदाला. म्हणजे बहुतेक रविवारची दुपार. आणि खानदेशातली दुपार ही जलरंगाची सवत आहे. मे महिन्यात पारा पंचेचाळिशीला टेकला की कागदावर आभाळाचा वॉश, म्हणजे पातळ रंगाचा हात, टाकायला घ्यावा, ब्रश उजव्या कडेला पोचेपर्यंत डावी कड खडखडीत वाळलेली असते. मग मध्ये कडक रेघा उमटतात. पुस्तकांत 'ओल्यावर ओलं' म्हणून जी पद्धत सांगितलेली असते, ती लिहिणाऱ्याने रावेर-भुसावळचा वैशाख बघितलेला नसणार. मी पाण्यात ग्लिसरिनचे थेंब टाकून पाहिले. रंग वाळायला थोडा उशीर होतो, पण जास्त पडलं तर दोन दिवस चिकट राहतो आणि धूळ बसते. कूलरसमोर बसून पाहिलं. हवा दमट होते खरी, पण एक फवारा थेट कागदावर आला आणि चित्रातल्या सातपुड्याला देवी आल्यासारखं झालं. शेवटी ठरवून टाकलं, उन्हाळ्यात पेन्सिल, श्रावणात रंग.

श्रावणातलीच गोष्ट. ओल्या रंगावर मीठ भुरभुरलं की प्रत्येक कणाभोवतीचा रंग ओढला जातो आणि वाळल्यावर छान फिकट ठिपके उरतात. केळीच्या पानावर मी ते केलं. पान आधीच बरं जमलं होतं. केळीच्या पानाला एक हिरवा नसतो. उन्हाच्या विरुद्ध बाजूने पाहिलं तर पिवळट, जवळजवळ काचेसारखा. वरून पाहिलं तर आभाळ सांडल्यासारखा निळसर. खालच्या बाजूला राखेचा हात फिरवल्यासारखा. ट्यूबमधला तयार हिरवा इथे काही कामाचा नाही. लेमन यलो आणि प्रशियन ब्लू, त्यात किंचित बर्न्ट सिएना, असं करत करत तिन्ही हिरवे सापडले होते आणि वर ती मिठाची नक्षी. मी खूश.

अण्णांनी पाहिलं. "करपा आलाय," म्हणाले. "फवारणी झाली नाही वाटते." करपा म्हणजे केळीच्या पानावर ठिपके पाडणारा रोग.

तेव्हा मला राग आला होता. खरं सांगायचं तर बरीच वर्षं येत राहिला. शेजारचे काका यायचे, ते घडाच्या फण्या मोजायचे. "तेरा फण्या! अहो सूनबाई, एवढा घड झाला त खोड आडवं व्हईन." मग मला कळलं की घडाला आठ-नऊ फण्या ठेवून खालच्या काढून टाकतात, म्हणजे उरलेल्या पोसतात. मी आपल्या रचनेला शोभतील तेवढ्या फण्या लावल्या होत्या. रचना म्हणजे काय, हे मी त्यांना समजावायला गेले नाही. त्यांच्या दृष्टीने चित्र ही खिडकी होती. खिडकीच्या चौकटीचं कौतुक कोण करतं? सगळे पलीकडची बाग बघत होते आणि बाग कुठे चुकली ते सांगत होते. शहरातल्या मैत्रिणींना हीच चित्रं पाठवली की 'वॉव', 'सुंदर', तीन टाळ्या. त्यांतल्या एकीलाही करपा दिसला नाही.

चार वर्षांपूर्वी मुलगा शिकायला बाहेर गेला आणि त्याचा जुना लॅपटॉप माझ्या वाट्याला आला. त्यावर त्याने क्रिता हे चित्र काढायचं सॉफ्टवेअर टाकून दिलं, ते फुकट मिळतं, आणि वाढदिवसाला एक पेन टॅब्लेट पाठवला. पहिला महिना हात टेबलावर आणि डोळे पडद्यावर, ही कसरत करण्यातच गेला. उजव्या हाताला आपण कोणाच्या घरी पाहुणे आलोय असं वाटत होतं. नंतर मात्र मी त्या अंडूच्या, म्हणजे केलेलं मागे घ्यायच्या, बटणावर जीव टाकला. रेघ वाकडी, मागे. रंग भडक, मागे. संसारात अशी एक कळ असती तर, वगैरे विचार येऊन गेले, ते इथे लिहीत नाही. वाऱ्याने फाटलेल्या पानासाठी मी स्वतःचा एक ब्रशही बनवला. केळीचं पान कुठेही फाटत नाही, मधल्या दांड्यापासून निघालेल्या शिरांच्या रेषेतच फाटतं, फणीच्या दात्यांसारखं. ते ओळखून ब्रश केला, तेव्हा पाठीवर थाप मारायला घरात कोणीच जागं नव्हतं.

अण्णांना मात्र यातलं लेअर प्रकरण एका मिनिटात कळलं. मला समजायला आठवडा लागला होता. मी दाखवत होते की घड एका थरावर, पानं दुसऱ्यावर, मागची माती तिसऱ्यावर. ते म्हणाले, "घड बंद कर." केला. "पानं बंद कर." केली. उरली नुसती तपकिरी माती. ती त्यांनी बराच वेळ पाहिली. मग म्हणाले, "ठिबकची नळी कुठी आहे?"

ठिबकाशिवायची केळीची बाग मी रंगवून बसले होते. ठिबकसाठी नवा थर उघडला. काळी नळी, खोडाखोडाशी ओलाव्याचा गोल डाग. आणि गंमत अशी, की त्या ओल्या डागांनी ते चित्र जमिनीवर टेकलं. तोवर ते हवेत होतं, हे मला दिसतच नव्हतं.

त्याची मोठी प्रत काढावी म्हणून तालुक्याच्या गावी एका फ्लेक्सवाल्याकडे गेले. वाढदिवसाच्या बोर्डांमधून वाट काढत माझी बाग बाहेर आली, ती महिनाभर पाणी न दिलेली. पडद्यावरचा हिरवा हा उजेड असतो, पाठीमागून पेटलेला. छापताना तो निळ्या-पिवळ्या शाईच्या ठिपक्यांतून उभा करायचा म्हटलं की झगमगीत हिरवे विझतातच. दुकानातला पोरगा म्हणाला, "ताई, ब्राइटनेस वाढवून देऊ का?" नको म्हटलं.

मग गेल्या वर्षी लॅपटॉपची डिस्क बसली. तीन वर्षांची चित्रं गेली. दोन दिवस मी कोणाशी धड बोलले नाही. तेव्हा मला रॉबर्ट गिल हा इंग्रज चित्रकार आठवला. अजिंठ्याची चित्रं उतरवायला तो 1844 साली आला आणि वर्षानुवर्षं लेण्यांच्या अंधारात बसून त्याने मोठमोठ्या तैलरंगी प्रती केल्या. त्या लंडनला पाठवल्या. 1866 साली तिथल्या क्रिस्टल पॅलेसच्या आगीत त्यातल्या बहुतेक जळाल्या. तो इथेच राहिला, 1879 मध्ये वारला आणि भुसावळला पुरला गेला. त्याच्या नुकसानीशेजारी माझी डिस्क ठेवायची म्हणजे हत्तीशेजारी चिलट. पण चिलटालाही दुःख असतं. दु:खाच्या भरात मी लॅपटॉपकडे पाठ फिरवली आणि बागेत कापणी चालू होती तिकडे गेले.

केळीची कापणी म्हणजे चीक. घडाचा दांडा कापला की त्यातून पाण्यासारखा स्वच्छ चीक टपटपतो. कापडावर पडला तर तेव्हा काही दिसत नाही. दुसऱ्या दिवशी तांबूस डाग, आणि तो मग धोब्याच्या बापालाही निघत नाही. म्हणून बागेतले कपडे घरोघरी वेगळे असतात. त्या दिवशी माझ्या बऱ्या ओढणीवर चार थेंब पडले. मी नेहमीसारखी चिडणार होते, पण डोक्यात दुसरंच आलं. इतकी वर्षं आपण शाई विकत घेतोय.

करवंटीत चीक धरला. कपाशीची वाळलेली पऱ्हाटी होती, तिला विळ्याने टोक काढलं आणि जाड कागदावर रेघा ओढल्या. काहीही दिसेना. ओलं असेतो थोडी चकाकी, वाळलं की कोरा कागद. आपण कुठे काय काढलं हे आठवणीवर, अंदाजाने. संध्याकाळी दिव्याखाली धरलं तर फिक्या चहाचा रंग. दुसऱ्या दिवशी सकाळी सगळं चित्र उठून उभं राहिलेलं, लालसर तपकिरी. हवा लागून चीक काळवंडतो. करवंटीत गंजका खिळा टाकून ठेवला तर रेघ आणखी गडद, काळ्याकडे झुकणारी येते, हे पुढच्या आठवड्यात कळलं. चुकलेल्या रेघा अर्थातच सगळ्या जशाच्या तशा. अंडू नाही, उलट, काय चुकलं हे कळायलाच रात्र जावी लागते.

फैजपूर आमच्यापासून लांब नाही. 1936 साली काँग्रेसचं अधिवेशन पहिल्यांदाच खेड्यात भरलं ते तिथे. त्याची सजावट करायला गांधीजींनी चित्रकार नंदलाल बोसांना बोलावलं होतं आणि त्यांनी बांबूसारख्या गावात मिळणाऱ्या साध्या सामानातून ती उभी केली. हे शाळेत कोणी मला सांगितलं असतं तर मी चीक जरा लवकर हातात घेतला असता, असं उगीच वाटून जातं.

परवा ओट्यावर बसून मी असंच काढत होते. अण्णा शेजारी बाजेवर. ते आता ब्याऐंशीचे आहेत, बागेत रोज जाणं होत नाही. माझ्या हातातली पऱ्हाटी कागदावर फिरतेय आणि कागदावर काहीच नाही, हे त्यांनी थोडा वेळ सहन केलं.

"कोरं त दिसते."

"उद्या दिसेल, अण्णा. तुम्ही काढता का काही?"

"मले कुठी येते?"

पण हात पुढे केला. मी कागद पाटावर ठेवून दिला, करवंटी जवळ सरकवली. आयुष्यभर त्या चिकाने कपडे खराब केलेला माणूस पऱ्हाटी बुडवून, एकदा झटकून, कागदावर काहीतरी काढायला लागला. हात थरथरत होता. तोंडाने काहीतरी पुटपुटत होते, मला वाटलं हरिपाठ. पंधरा-वीस मिनिटांनी पऱ्हाटी खाली ठेवली आणि म्हणाले, "झालं." मी कागद त्यांच्याच बाजेखाली सरकवून ठेवला.

सकाळी चहा घेऊन गेले तर ते कागद मांडीवर घेऊन बसलेले. एक घड होता. म्हणजे घड आहे हे मला ठाऊक होतं म्हणून दिसला. दांडा दोरीसारखा वाकडातिकडा, केळी कुठे काडीएवढी तर कुठे भोपळ्याएवढी, केळफूल कागदाच्या बाहेर जाता जाता वाचलेलं. इंटरमिजिएटच्या परीक्षकाने 'क'सुद्धा दिली नसती. पण सगळ्या केळांची तोंडं वर.

"मोज," अण्णा म्हणाले.

मी चहाचा कप खाली ठेवला आणि बोट लावून वरून खाली फण्या मोजल्या. नऊ.