पैसे मोजून डाग?

“पैसे मोजून डाग विकत घेतलास की गं!” लिफ्टमध्ये शेजारच्या काकू हसत म्हणाल्या आणि त्यांचा मजला आला तशा उतरूनही गेल्या.

घरी येऊन आरशासमोर उभी राहिले. कानापुढची, हौसेने केलेल्या कॉस्मेटिक सर्जरीच्या टाक्यांची रेघ वर गुलाबी, खाली तपकिरी. एकाच रेघेचे दोन रंग!

डॉक्टरांनी समजावलं होतं. गुलाबी म्हणजे नव्या रक्तवाहिन्या, त्या बहुतेकदा काही महिन्यांत फिक्या होतात. नाहीच झाल्या तर पल्स्ड डाय लेसर, म्हणजे रक्तवाहिन्यांवर काम करणारा लेसर असतो. तपकिरी म्हणजे मेलॅनिन, त्वचेला रंग देणारं द्रव्य. सावळ्या त्वचेत ते जास्तच उमटतं आणि उन्हाने आणखी गडद होतं. म्हणून एसपीएफ ३० किंवा जास्त असलेलं सनस्क्रीन, तेही आयर्न ऑक्साइडवालं टिंटेड, म्हणजे रंगाची छटा असलेलं. बाहेर असताना दर दोन तासांनी पुन्हा. हायड्रोक्विनोनसारखी डाग उजळवणारी क्रीम मनाने लावायची नाहीत. चुकीच्या लेसरनेही डाग वाढू शकतो.

(लिंबू चोळ म्हणणाऱ्यांना कोपरापासून नमस्कार. त्याने त्वचा जळजळते आणि डाग उलट काळवंडतो.)

व्रण पूर्ण स्थिरावायला १२ ते १८ महिने लागू शकतात. एवढा धीर मी धरेन हो. बघणाऱ्यांना मात्र निकाल आजच हवा असतो. अपघाताचा व्रण असता तर याच काकू हळहळल्या असत्या. हौसेने केलं म्हटलं की टोमणा मारायची मुभाच मिळते जणू.

तुमच्याही वाट्याला आलंय का असं काही?