‘इनडेलिबल’ या शब्दाचा माग काढताना

अकरावीच्या विद्यार्थ्यांसाठी इंग्रजी शब्दांच्या व्युत्पत्तीची टिपणे तयार करताना ‘इनडेलिबल’ हा शब्द मी आवर्जून घेतला. ‘कधीही न विसरता येणारे’ असा त्याचा अर्थ मुले पाठ करतात. पण शब्दाची फोड केली तेव्हा त्यात स्मृतीचा उल्लेखही नाही, हे माझ्या ध्यानात आले.

लॅटिनमध्ये ‘डेलेरे’ म्हणजे पुसून टाकणे, नष्ट करणे. त्याला नकारार्थी ‘इन’ आणि शक्यता दाखवणारा प्रत्यय जोडून ‘इनडेलेबिलिस’, म्हणजे पुसता न येणारे, असा शब्द तयार झाला. संगणकावरचे ‘डिलीट’ याच क्रियापदातून आले, आणि मजकूर गाळण्यासाठी इंग्रजी मुद्रितशोधक समासात जी वळणदार खूण करतात, तिचे ‘डेले’ हे नावही ‘पुसून टाक’ अशी आज्ञाच आहे.

मग या शब्दाचा स्मृतीशी संबंध कुठून आला, याचा शोध घेत मी ऑव्हिडपर्यंत पोहोचले. इ.स. ८ मध्ये सम्राट ऑगस्टसने या कवीला काळ्या समुद्राकाठच्या टोमिस या गावी हद्दपार केले. त्याच सुमारास पूर्णत्वाला आलेल्या ‘मेटामॉर्फोसिस’ या काव्याच्या अखेरीस, देह नाहीसा झाला तरी आपले नाव पुसले जाणार नाही, असे तो याच शब्दाचा आधार घेऊन सांगतो. एवढा ठाम विश्वास वाचून मी बराच वेळ त्या ओळींवरच रेंगाळले.

पुढचा धागा ख्रिस्ती धर्मशास्त्रात सापडला. बाप्तिस्मा, दृढीकरण आणि धर्मगुरुपदाची दीक्षा यांनी आत्म्यावर न पुसणारी मुद्रा उमटते, म्हणून हे संस्कार पुन्हा करता येत नाहीत, असे ट्रेंटच्या धर्मपरिषदेने १५४७ मध्ये ठरवून दिले. हे वाचताना मला साहजिकच आपल्या मतदान केंद्रावरची शाई आठवली, कारण डाव्या तर्जनीवरच्या त्या रेघेचेही काम, एकदा केलेली कृती दुसऱ्यांदा होऊ न देणे, हेच आहे. १९६२ च्या सार्वत्रिक निवडणुकीपासून म्हैसूरच्या कारखान्यात ही शाई तयार होते. तिच्यातील सिल्व्हर नायट्रेटचा त्वचेवरील क्षाराशी संयोग होतो आणि उजेडात डाग काळसर पडतो. साबणाने तो निघत नाही. त्वचेचा वरचा थर झडल्यावर आणि नख वाढून कापले गेल्यावरच जातो. कायद्याच्या इंग्रजी भाषेत या शाईला ‘इनडेलिबल’ म्हटले आहे, आणि हा डाग काही आठवड्यांत जात असला तरी मला तो वापर अचूक वाटतो.

म्हणून टिपणात ‘पुसू म्हटले तरी न पुसले जाणारे’ हा अर्थ मी पहिला लिहिला, त्याखाली शाईचे उदाहरण दिले आणि स्मृतीचा अर्थ लाक्षणिक म्हणून त्यानंतर नोंदवला.