फी भरलेली भाषा

सोलापूरच्या पूर्व भागात वाढलेल्या माणसाला तीन-चार भाषांच्या घराचं फारसं अप्रूप नसतं. आमच्या आसपास पद्मशाली विणकरांची वस्ती. घरात तेलुगू, शाळेत मराठी, ओळखीच्या दुकानदाराशी मोडकंतोडकं कानडी आणि बाजारात दखनी ढंगाची हिंदी. एका वर्गमित्राच्या आईला आम्ही सगळेच अम्मा म्हणायचो. विड्या वळता वळता त्या आमच्याशी मराठीत बोलायच्या, शेजारणीशी तेलुगूत, आणि कारखान्यात नापास विड्यांची छाट जास्त निघाली की तिथल्या माणसाशी दोन्हींत भांडायच्या. मुलाला भाषा शिकवावी लागते, हे कुणाच्या डोक्यातही नसायचं. मागाच्या खोलीतून बाहेर आलं की अंगाला तूस चिकटलेलं असायचं, तशी ती चिकटायची.

इंग्रजी मात्र चिकटत नसे. आमची एबीसीडी पाचवीला सुरू झाली. (महाराष्ट्रात पहिलीपासून इंग्रजी आलं ते 2000 साली, आम्ही त्यातून सुटलो.) अम्मांचा हिशेब सरळ होता. ‘तेलुगू घरात हाय, मराठी रस्त्यावर हाय. इंग्लिशलाच पैसे पडतात.’ म्हणून विड्यांचे पैसे धाकटीच्या इंग्रजी शाळेला गेले.

या हिशेबाला ‘इंग्रजीचं खूळ’ म्हणणारे लोक मला जरा पोटभरलेले वाटतात. चिपळूणकरांनी इंग्रजीला वाघिणीचं दूध म्हटलं, ते शिकल्यासवरल्या घरांत कौतुकाने सांगतात. पण त्याच्या कितीतरी आधी, 1854 साली, सावित्रीबाईंनी कवितेतून ‘इंग्रजी शिका’ असं सांगितलं होतं, ते ज्यांना शिक्षणाच्या दाराशीही उभं केलं जात नव्हतं त्यांना. अम्मांनी यातलं काही वाचलेलं नव्हतं. साहेबाच्या टेबलापाशी कुणाचा आवाज चढतो आणि कुणाचा बसतो, एवढं त्यांनी पाहिलं होतं.

तो वर्गमित्र आता हिंजवडीत राहतो. बायको बंगाली. दोघांची ओळख इंग्रजीत झाली, संसारही बराचसा इंग्रजीतच चालतो, आणि त्यात गैर काही नाही. दोन घरांच्या मध्ये ती भाषा कुणाचीच नाही म्हणून सोयीची पडते. मुलगी झाल्यावर ठरलं होतं की बाप तेलुगूत बोलेल, आई बांग्लात. पुढे नर्सरीच्या बाईंनी सुचवलं, ‘घरी इंग्लिशमध्ये बोलत जा, पिकअप होईल.’ ठराव बारगळला.

आता त्या घरात जे इंग्रजी बोललं जातं ते ऐकण्यासारखं आहे. आईबाप दोघेही ऑफिसात तासन्‌तास अस्खलित बोलतात, पण मुलीशी बोलताना सगळी आज्ञार्थी वाक्यं: कम, सिट, ईट फास्ट, डोन्ट टच. लाडाचं काही त्यांना त्या भाषेत येतच नाही, कारण त्यांचे स्वतःचे लाड तिच्यात कुणी केलेले नाहीत. राग अनावर झाला की आई बांग्लावर येते आणि बाप तेलुगूवर. त्यामुळे दोन्ही भाषांतला राग तेवढा मुलीला नीट समजतो.

मराठीची आशा त्यांनी रस्त्यावर सोडली होती, अम्मांसारखीच. पण सोलापूरचा रस्ता हिंजवडीत नाही. इथे फाटक आहे, फाटकावर पहारेकरी आहे, आणि आतल्या घसरगुंडीवर देशभरातून आलेली मुलं आपापसांत हिंदी-इंग्रजी बोलतात. आईबापांना याचं वाईट वाटतं का? तोंडाने तसं म्हणतात खरं. पण ‘अहो, हिला एकोणसत्तर कळत नाही, सिक्स्टी नाईन म्हणावं लागतं,’ या तक्रारीत जो सूर असतो, तो मी कुठल्याच दुसऱ्या तक्रारीत ऐकलेला नाही.

2011च्या जनगणनेत देशभरात जेमतेम 2 लाख 60 हजार लोकांनी मातृभाषा इंग्रजी सांगितली होती. जनगणनेच्या लेखी मातृभाषा म्हणजे लहानपणी आई आपल्याशी जी बोलली ती. ही व्याख्या करणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर ‘ईट फास्ट’ म्हणणारी बंगाली आई बहुधा नसावी. पुढच्या खेपेला प्रगणक दारात आला की मित्राच्या घरी काय सांगतील, याची मला फार उत्सुकता आहे.

सध्या त्याने मुलीला शनिवारचा ऑनलाइन तेलुगूचा क्लास लावलाय. तासाला पैसे. अम्मांना कळलं तेव्हा त्या एवढंच म्हणाल्या, ‘तेलुगूला पण?’ हल्ली त्या हिंजवडीला आल्या की क्लासच्या वेळी कॅमेऱ्यात न दिसता शेजारी बसतात. क्लासच्या बाई आंध्रातल्या, त्यांचं तेलुगू पुस्तकी. अम्मांचं सोलापुरी, मराठीत भिजलेलं. बाईंनी एक वाक्य सांगितलं की अम्मा तेच आपल्या पद्धतीने नातीच्या कानात सांगतात. नात मोठ्याने अम्मांचं वाक्य म्हणते, बाई ‘नो, नो’ म्हणून दुरुस्त करतात, आणि अम्मा मुलाकडे वळून विचारतात, ‘हिला किती देतोस रे?’